कडी, पाणी आणि ऊन

वयात येणाऱ्या मुलामुलींना स्वच्छतेचा उपदेश करण्यात आपला समाज कधीच कृपण नव्हता; परंतु ज्या साधनांवाचून तो उपदेश आचरणात उतरणे अशक्य, त्यांची तजवीज करण्याची वेळ आली म्हणजे घरचा कर्ता, शाळेचा चालक आणि सरकारी अंमलदार हे तिघेही एकमेकांकडे बोट दाखवितात, ही गोष्ट मला अत्यंत क्लेशदायक वाटते.

या वयात काखेतील व जांघेतील ज्या स्वेदग्रंथी कार्यक्षम होतात, त्यांचा स्राव मुळात जवळजवळ निर्गंध असतो. त्वचेवरील जंतू त्याचे विघटन करू लागले म्हणजे दुर्गंधी उत्पन्न होते, आणि नित्य साबण लावून स्नान व पूर्ण वाळलेली अंतर्वस्त्रे एवढ्याने ती बहुधा आटोक्यात राहते. हे ज्याला कोणी सांगितलेच नाही तो मुलगा अंगाचा वास हा आपल्या देहावरील कलंक समजतो. आणि पावसाळ्यात ओलसर कपड्यांमुळे किंवा भावाचा पंचा वापरल्यामुळे जांघेत गजकर्ण झाले, तरी लाजेपायी ते लपवून, दुकानातून आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम चोळून ते अधिकच पसरवून घेतो. ही लाज आपणच जोपासली आहे. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवून शरीराविषयी निःसंकोच लिहिणाऱ्या रघुनाथ धोंडो कर्व्यांवर याच महाराष्ट्रात अश्लीलतेचे खटले भरले गेले.

मुलींची अवस्था याहून बिकट. पाळीच्या घड्या स्वच्छ धुऊन उन्हात वाळवाव्यात, हे शास्त्र. पण त्या पुरुषांच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून अनेक घरांत दुसऱ्या कपड्याखाली, काळोख्या कोपऱ्यात दडविल्या जातात. पॅड असले तरी ते चार ते सहा तासांनी बदलावे लागते, आणि शाळेच्या शौचकूपाला कडी नसेल तर ती पोर दिवसभर पाणीच पीत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलामुलींसाठी स्वतंत्र शौचालये आवश्यक ठरविली. २०१८ मध्ये राज्याच्या ‘अस्मिता’ योजनेने जिल्हा परिषद शाळांतील मुलींना अल्पदरात पॅड देऊ केले, आणि त्याच वर्षी पॅडवरील जीएसटीही उठला. ही पावले निःसंशय स्तुत्य होत. मात्र नळ कोरडा असेल तर पॅड बदलून हात धुवायचे कुठे?

म्हणून तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याने हजेरीपटाआधी शौचालयाचा नळ सोडून पाहावा, कडी लावून पाहावी, वापरलेल्या पॅडसाठी झाकणाची बादली आहे की नाही ते पाहावे आणि मगच शेरा लिहावा. घरी बापाने, हा बायकांचा विषय म्हणून अंग काढून न घेता, मुलाला त्याचा स्वतंत्र पंचा द्यावा आणि मुलीच्या घड्यांसाठी भर उन्हात दोरी बांधून द्यावी.