खुडूक कोंबडीला पाण्यात बुडवू नका

‘भावा, मशीन मागवली! चोवीस अंड्यांची, फुल ऑटोमॅटिक!’ गेल्या पावसाळ्यात मित्राचा फोन आला. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात त्याच्या घरची देशी कोंबडी खुडूक झाली होती. घरच्यांनी तिला बादलीत बुचकळून डालग्याखाली कोंडलं होतं. खुडूक मोडली की ती लवकर अंड्यावर येते ना! म्हणजे फुकटात उबवायला तयार असलेलीला गार पाणी आणि त्याच कामासाठी आणलेल्या खोक्याला पॉकेटमनी.

मला हे पटत नाही. आजऱ्यात तर नाहीच. इथं पाऊस लागला की लाईटचा काय भरवसा? मशीनला २१ दिवस ३७.५ अंशांच्या आसपास तापमान लागतं. पहिले १८ दिवस ५०-५५ टक्के आर्द्रता, मग ६५च्या पुढं. अंडी दिवसातून निदान तीनदा फिरवायची, नाहीतर आतला जीव कवचाच्या पापुद्र्याला चिकटतो. कोंबडी हे सगळं चोचीनं आणि पोटाच्या उघड्या कातडीनं करते. तिला इन्व्हर्टर लागत नाही.

मित्राकडं पंधराव्या रात्री लाईट गेली. हा घाबरून दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघत बसला, आणि तिथंच चुकला. कोंबडीसुद्धा रोज पंधरा-वीस मिनिटं खायला-प्यायला उठतेच, तेवढ्यानं अंडी मरत नाहीत. झाकण बंद ठेवून वर गोधडी टाकली असती तर तास-दोन तास निभावलं असतं. चोवीसातली पाच फुटली. त्यातल्या एकाला ‘मदत’ म्हणून यानं कवच सोललं, पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्या फाटल्या आणि पिल्लू हातातच गेलं. पहिलं भोक पडल्यावर बाहेर यायला पिल्लू अख्खा दिवसही घेतं, हे त्याच्या आज्जीला माहीत होतं. तिला विचारलं कुणी?

मशीनशी माझं वैर नाही. लेगहॉर्नसारख्या जातींतून माणसानं खुडूकपणा जवळजवळ काढूनच टाकलाय. तिथं मशीनच लागणार. इजिप्तमध्ये तर शेकडो वर्षं मातीच्या भट्ट्यांत अंडी उबवत आलेत, आणि ऊब जोखायला अंडं पापणीला लावून बघायचे. तेवढं लक्ष असेल तर घ्या की मशीन.

घरच्यांचं गणितही खोटं नाही. २१ दिवस बसायचं, पुढं दीड-दोन महिने पिल्लं फिरवायची, तेवढी अंडी बुडतात. पण मशीनच्या पिल्लांना पहिला आठवडा ३२ ते ३५ अंशांची ऊब देणारा बल्ब कुणाच्या मीटरवर चालतो? घार दिसली की त्यांना पंखाखाली कोण घेतं? दहा-बारा पिल्लंच हवी असतील तर आधी एकदा कोंबडी बसवा आणि तिच्याकडं नीट बघा. अंडं फुटायच्या आधी पिल्लू आतून चिवचिवतं आणि ती बाहेरून त्याला उत्तर देते. रीलमध्ये हे ऐकू येत नाही.

यंदा मित्राची कोंबडी परत खुडूक झालीय. दुकानातल्या ट्रेमधली अंडी आणू नको म्हणून त्याला बजावलंय, त्या कोंबड्यांनी कोंबडा कधी बघितलेलाच नसतो. कोंबडा असलेल्या घरातून आठवड्याच्या आतली दहा अंडी जमवलीत. आज अंधार पडला की हळूच तिच्याखाली सरकवणार आहोत. बादली आज्जीनं आधीच लपवलीय.