मोतीबिंदू ‘पिकायची’ वाट का पाहू नये?

‘अजून पिकला नाही, पिकल्यावर काढू.’ हे वाक्य तुमच्याही घरात ऐकू आलं असेल. सल्ला जुना आहे आणि आता चुकीचा आहे.

वयानुसार डोळ्यातल्या भिंगातील प्रथिनांची रचना बिघडते आणि भिंग धुरकट होतं. चष्म्याचा नंबर सारखा बदलतो, रात्री समोरच्या गाडीचे दिवे फाकलेले दिसतात. पूर्वी भिंग अख्खं काढावं लागे, म्हणून थांबायला सांगत. आता फेको पद्धतीत दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून, ध्वनिलहरींनी चुरा करून ते ओढून घेतात व कृत्रिम भिंग बसवतात. फार पिकून टणक झालेलं भिंग फोडणं अवघड जातं; कधी डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूही होतो. आणि हो, थेंब टाकून मोतीबिंदू विरघळत नाही, जाहिरात काहीही म्हणो.

नेत्र रुग्णालयांच्या ओपीडीत ज्येष्ठांची गर्दी दिसते, पण ती मोजून प्रश्नाचा आकार कळत नाही. जे घरीच बसले, ते त्या नोंदीत नसतातच. २०१५-१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात लोकवस्तीत जाऊन डोळे तपासले गेले. पन्नाशीपुढील अंधत्वात मोतीबिंदूचा वाटा निघाला तब्बल ६६.२ टक्के. म्हणजे दृष्टी परत मिळू शकते, अशीच ही बहुतेक माणसं. त्याच यादीत मोतीबिंदू शस्त्रक्रियेतील गुंतागुंतीचा वाटा ७.२ टक्के आहे, तेव्हा नुसता शस्त्रक्रियांचा आकडा फुगवूनही भागणार नाही.

सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते. अडतं ते बरेचदा सोबतीवर: आजीला तिथवर न्यायला कामाचा एक दिवस कोण मोडणार?