माळावर झाडं लावली, हरणं शेतात आली

पावसाळा आला की सीमेच्या दोन्ही बाजूंना वृक्षारोपणाचे फोटो सुरू होतात. खड्डे बहुतेक माळरानावर, कारण सरकारी कागदावर माळ म्हणजे 'पडीक'. तोटा मात्र शेतकऱ्याच्या खात्यात पडतो.

काळविटाला (शास्त्राप्रमाणे ते हरीण नव्हे, कुरंग; आपण हरीणच म्हणतो) आखूड गवताचा मोकळा माळ लागतो. शिकारी लांबून दिसला पाहिजे आणि सुसाट पळायला जागा पाहिजे. दाट झाडीत दोन्ही जातं. चिंकाऱ्याचं तसं नाही, तो खडकाळ, खुरट्या झुडपांच्या रानात रमतो आणि पाण्यावाचून बरेच दिवस काढतो. बागलकोट जिल्ह्यातलं यडहळ्ळी अभयारण्य त्याच्यासाठीच आहे. म्हणजे कोरडं रान सगळं एकसारखं नसतं.

हावेरी जिल्ह्यातलं राणेबेन्नूर बघा. १९७४ साली खास काळविटांसाठी अभयारण्य झालं, क्षेत्र ११९ चौरस किलोमीटर. पण त्यातल्या बऱ्याच भागात निलगिरीची लागवड उभी. मग कळप कडेच्या मोकळ्या पट्ट्यात सरकतात, आणि तिथून शेताचा बांध किती लांब? ज्वारी-मक्याचे कोंब कोवळे असतानाच साफ होतात. शेतकरी वनखात्याच्या नावानं बोटं मोडतो, आणि त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही. हरणाला मारलं तर तुरुंग, पिकाचं गेलं तर भरपाईसाठी हेलपाटे.

यंदा ग्रामपंचायतीनं रोपं मागवली असतील तर ती ओढ्याकाठी, रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात लावा. माळावरचं गवत राहू दे. मेंढरांनाही तेच लागतं.