औषध आलं, पण जिवतीत आजाराचं नाव कळणार कधी?

मंडळी, आज जरा फुप्फुसाबद्दल. आयपीएफ नावाचा दुर्मिळ आजार आहे. फुप्फुसात हळूहळू वण धरतात, ते घट्ट होत जातं. कारण सापडत नाही. कोरडा खोकला, चढ चढताना धाप. आपल्याकडे याला लोक दमा म्हणतात, नाहीतर टीबी.

यावर निंटेडॅनिब नावाचं औषध आहे. २०१४ मध्ये त्याच्या मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. २४ देशांतले रुग्ण होते, भारतातलेही. पूर्ण श्वास भरून जोरात फुंकली की जेवढी हवा बाहेर पडते, ती औषधाविना वर्षाला २०० ते २४० मिली घटत होती. औषधाने सुमारे ११५. पुढे त्यातल्या ७३४ जणांना औषध देत राहिले, काहींना पाच वर्षांहून जास्त. घट वर्षाला १३५ च्या आसपास राहिली. या दुसऱ्या टप्प्यात तुलनेला औषधाविना गट नव्हता, अन् जुलाबाचा त्रास पुष्कळांना झाला. तेव्हा हुरळून जायचं कारण नाही.

पण एक गोष्ट पक्की. हे औषध गेलेला श्वास परत आणत नाही, उरलेला जास्त दिवस पुरवतं. निदानाला उशीर, तेवढं वाचवायला कमी.

असाच दुसरा आजार ॲलर्जीतून होतो, अन् तो आपल्या जास्त जवळचा आहे. २०१२ ते २०१५ मध्ये देशातल्या २७ केंद्रांवर अशा फुप्फुस-आजारांच्या १,०८४ रुग्णांची नोंद झाली. जवळपास निम्मे या ॲलर्जीचे निघाले, अन् त्यातल्या निम्म्यांच्या आसपास लोकांचा संबंध कूलरशी होता. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात कूलर नाही असं घर दाखवा! टाकीतलं पाणी बदला, गवताच्या जाळ्या बदला. हे फुकटचं औषध.

आता मागणी. थुंकीत टीबी निघाला नाही म्हणजे माणूस बरा आहे, असं नाही. डॉक्टरांनी पाठीवर स्टेथोस्कोप लावून ऐकावं. चपलेचा वेल्क्रो पट्टा उघडल्यासारखा आवाज आला की पुढची तपासणी हवीच. फुंकायची मशीन, स्पायरोमीटर म्हणतात ती, जिवतीच्या सरकारी दवाखान्यात ठेवा. सीटी स्कॅनसाठी चंद्रपूरला पाठवताना गाडीची सोय करा. कोलामगुड्यावरच्या माणसाची एका दिवसाची मजुरी बुडते, त्याला तीन चकरा परवडत नाहीत.

लोकप्रतिनिधींनो, एवढं तर जमेल ना?