बुध्यंक कोणत्या भाषेतला?

बुध्यंक ६९ आला तर मूल दाखल्याला पात्र, ७० आला तर नाही. २००१ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत ५० ते ६९ बुध्यंक म्हणजे ५० टक्के अपंगत्व, ३५ ते ४९ म्हणजे ७५ टक्के, असं सरळ कोष्टकच होतं. २०१८ साली मूल रोजचे व्यवहार कसे करतं याचंही मोजमाप त्यात आलं, हे चांगलं झालं. पण आकड्याचा दरारा उतरलेला नाही. मी स्वतः सरकारी कारकून. आम्हाला आकडा आवडतो. तो रकान्यात बसतो आणि त्यावर वेगळा शेरा मारावा लागत नाही.

मुळात ही चाचणी निघाली कशासाठी? १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी ती तयार केली, ती वर्गात मागे पडणारी मुलं शोधून त्यांना मदत देता यावी म्हणून. बुद्धी जन्मतः ठरते आणि पुढे बदलत नाही, हे बिनेला मान्यच नव्हतं. तो १९११ साली वारला आणि त्याची मोजपट्टी अमेरिकेत जाऊन नेमकी उलटी वापरली गेली. १९२७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक या तरुणीची सक्तीची नसबंदी कायदेशीर ठरवली. कारण काय, तर ती, तिची आई आणि तिची तान्ही मुलगी, तिघीही म्हणे मंदबुद्धी! ती मुलगी पुढे शाळेत हुशार मुलांच्या यादीत आली.

आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० सालचं. परक्या मुलांचे निकष आपल्या मुलांना लावायचे नाहीत, हे त्या काळी ज्याला सुचलं त्याला मी मानतो. राग येतो तो नंतरच्यांचा. आजही कित्येक ठिकाणी मुलांना हीच चाचणी देतात. जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं की अमेरिकेत दर दहा वर्षांत सरासरी सुमारे ३ गुणांनी वाढत गेली होती. म्हणजे आजचं मूल आजोबांच्या पिढीशी ताडून पाहिलं की आकडा फुगतो, आणि ज्याला खरोखर मदत हवी तेच ७० च्या वर जाऊन दाखल्याला मुकतं.

आता बसवकल्याणचं पाहा. बिदर जिल्ह्यातला हा तालुका महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. घरात मराठी, बाजारात दखनी, कचेरीत कानडी. कामतांनी चाचणी बसवली ती मुंबई इलाख्यात. बसवकल्याण तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. मग इथल्या सात वर्षांच्या मुलीला शब्दांचे अर्थ विचारायचे ते कुठल्या भाषेत? जिचे निम्मे शब्द एका भाषेत आणि निम्मे दुसरीत, तिला एकाच भाषेत विचारलं तर तिची निम्मी समज मोजायची राहूनच जाते. इथे आकडा खाली घसरतो. एक चूक आकडा वर नेते, दुसरी खाली. दोन्ही मिळून उत्तर बरोबर येईल असं समजणाऱ्याने गणिताचा पेपर पुन्हा द्यावा. घरात कोंकणी, भजनात मराठी आणि शाळेत इंग्रजी अशा घरांत वाढणाऱ्या गोमंतकीय मुलांबद्दल वेगळं काय सांगू?

कोणी म्हणतील, मग चाचणीच नको. ते मला पटत नाही. दाखल्यावाचून सवलत मिळत नाही, आणि ते नुकसान गरिबाच्याच पोराचं. परीक्षा घ्यावी, पण कशी? याच कल्याणात, बाराव्या शतकात, अनुभवमंटपात आलेल्या अक्कमहादेवीला अल्लमप्रभूंनी कठोर प्रश्न विचारले, असं परंपरा सांगते. तिने तिच्या कानडीत सडेतोड उत्तरं दिली. विचारणाऱ्याची आणि उत्तर देणारीची भाषा एकच होती, आणि उत्तर पुरं होईपर्यंत सभा ऐकत होती. त्या सभेत नावाडी होते, चर्मकार होते, दोर वळणारेही होते.

माझी मागणी कारकुनीच आहे. दाखल्यावर दोन रकाने वाढवा: चाचणीचे निकष कोणत्या सालचे, आणि प्रश्न कोणत्या भाषेत विचारले. रकाना रिकामा असला की आम्ही अर्ज परत पाठवतो. हाही पाठवावा, पण मुलाच्या आईबापाकडे नव्हे, चाचणी घेणाऱ्याकडे.