शब्द त्यांचे, सही आपली



लेव्ही, सीलिंग, झोनबंदी, सबसिडी. हे शब्द आपल्या पणज्याला ठाऊक नव्हते. लेव्हीने ज्वारी नेली, झोनबंदीने ऊस अडवला, तेव्हा आपण ते शिकलो. त्या शाळेची फी फार भारी पडली. आता इंग्रजी शब्दांची दुसरी गाडी गावात शिरते आहे: सस्टेनेबल, कार्बन क्रेडिट, बेसलाइन. या वेळी फी भरण्याआधी धडा शिकावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

'पर्यावरणाचे इंग्रजी शहरातल्या पोरांनी परीक्षेपुरते शिकावे, आपल्याला त्याचे काय?' असे कोणी म्हणेल. उत्तर सरळ आहे. सावकाराचा कागद वाचता येत नव्हता म्हणून किती जमिनी गेल्या ते आठवा.

कार्बन क्रेडिट घ्या. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड, किंवा तेवढीच उष्णता वाढवणारा दुसरा वायू, हवेत जाऊ दिला नाही अथवा हवेतून काढून घेतला याचा दाखला. हा दाखला विकता येतो. केंद्र सरकारने २०२३ साली कार्बन क्रेडिटच्या व्यापाराची योजना अधिसूचित केली. झाडे लावा, नांगरट कमी करा, भातखाचरात पाणी सतत तुंबवू नका, पैसे मिळतील, असे सांगितले जाते. मिळत असतील तर घ्यावेत. आमचा विरोध नाही. पण तीन शब्द आधी समजून घ्या.

'बेसलाइन' म्हणजे मोजणी जिथून सुरू होते ती रेघ. 'अ‍ॅडिशनॅलिटी' म्हणजे योजना नसती तर झालेच नसते असे जादा काम. ज्याने वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हिमतीने बांधावर झाडे राखली, त्याची जुनी झाडे या हिशेबात सहसा धरली जात नाहीत. 'परमनन्स' म्हणजे झाडात, मातीत साठलेला कार्बन वर्षानुवर्षे तिथेच राहण्याची हमी. उद्या अडीनडीला झाड तोडायचे झाले तर हीच हमी आडवी येईल. हे न कळता केलेली सही म्हणजे कोऱ्या कागदावरचा अंगठा.

कायद्याचेही तेच. मार्च २०२० मध्ये केंद्राने प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांच्या तपासणीचा, म्हणजे ईआयएचा, नवा मसुदा काढला. जनसुनावणीच्या नोटिशीची मुदत तीस दिवसांवरून वीसवर आणण्याचे त्यात सुचवले होते. मसुदा निघाला इंग्रजी आणि हिंदीत. ज्यांच्या जमिनीशेजारी खाण किंवा कारखाना यायचा, त्यांनी हरकत कोणत्या भाषेत वाचून घ्यायची? दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत भाषांतर करण्याचा आदेश दिला, तर केंद्र त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले! भाषांतराची एवढी धास्ती कशाची, ते ज्याचे त्याने ओळखावे.

आणि 'सस्टेनेबल'? १९८७ च्या ब्रुंटलांड अहवालाने हा शब्द जगभर नेला. आजची गरज भागवावी, पण पुढच्या पिढ्यांची गरज मारू नये, असा त्याचा अर्थ. याला पर्यावरण, समाज आणि अर्थकारण असे तीन पाय मानतात. तिसरा पाय सांगताना व्यासपीठावरचे साहेब घाई करतात. तो आपण लक्षात ठेवायचा. उत्पादनखर्च भरून निघत नाही ती शेती सस्टेनेबल नाही, हे त्यांच्याच शब्दात त्यांना ऐकवता आले पाहिजे.

म्हणून पुढच्या बैठकीपासून गावोगाव एवढे करावे. शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी दर बैठकीला असे पाच शब्द फळ्यावर लिहावेत आणि मराठीत फोड करून सांगावेत. कंपनीचा करार आला तर मराठी प्रत मागावी, आणि वाद झाल्यास कोणती प्रत ग्राह्य धरणार ते लिहून घ्यावे. मराठी प्रत नसेल तर सही नाही.