ओलं तोलायचं, वाळलेलं धरायचं

ओल्या मालाला वाळलेल्या मालाचा भाव कोणी देत नाही. आमच्या केममध्ये हे शाळेचं तोंड न पाहिलेल्या म्हातारीलाही कळतं. आमचं गाव कुंकवाचं. करमाळा तालुक्याबाहेर केम कोणाला माहीत असलंच तर ते कुंकवामुळे, नाहीतर सोलापूर-पुणे लाईनवरचं एक स्टेशन म्हणून. कुंकू म्हटलं की हळद आली, आणि ओली हळद शिजवून उन्हात वाळवली की पाच क्विंटलची जेमतेम क्विंटलभर उरते. बाकीचं सगळं पाणी. ते पाणी विकत घेणारा व्यापारी मी माझ्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत पाहिलेला नाही.

सरकारही घेत नाही, बरं का! हमीभावाच्या केंद्रावर सोयाबीन न्यायचं तर ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा. आमच्याकडे त्याला ‘हवा’ म्हणतात. "गुरुजी, मालात हवा जास्त आहे," असं म्हणून माझ्या धाकट्या भावाची अख्खी ट्रॉली एका वर्षी परत पाठवली होती. (केंद्राचं नाव घेत नाही, उगाच वाद नको.) मुठीएवढं यंत्र, त्यात चिमूटभर दाणे, आणि आकडा आला 14. दोन टक्क्यांसाठी ट्रॉलीचं भाडं अंगावर पडलं. पुढे 2024 च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने त्या हंगामापुरती 15 टक्क्यांपर्यंत सवलत दिली, तेव्हा महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक होती. असो.

सांगायचा मुद्दा हा, की पैसे द्यायची वेळ आली की सरकारला दोन टक्के ओलावासुद्धा दिसतो. शिक्षा द्यायची वेळ आली की मात्र पाऊणपट पाणी असलेला मालही कोरडा ठणठणीत दिसतो. हे मी गांजाबद्दल बोलतोय. हा शब्द वाचून आमच्या नातेवाइकांपैकी निम्मे इथेच थांबतील. थांबू नका, मंडळी. म्हातारपणी माझं डोकं फिरलेलं नाही.

पावसाळा सरला की पेपरात दरवर्षी एक ठरावीक बातमी येते. उसाच्या फडात, नाहीतर तुरीच्या आडोशाने लावलेली गांजाची झाडं सापडली. अमुक किलो, इतक्या लाखांचा माल जप्त. सोबत फोटो. झाडं मुळासकट उपटून ओळीने मांडलेली, मागे अंमलदार उभे. फोटो नीट पाहिला तर मुळांना चिकटलेली काळी मातीही दिसते. आणि बातमीतला किलोचा आकडा त्या मातीसकटचा असतो. हे मला ठाऊक आहे, कारण अशा एका पंचनाम्याची नक्कल मी स्वतः वाचली आहे.

माझा एक जुना विद्यार्थी. नाव-गाव सांगत नाही, पोलीस ठाणंही नाही. गणितात कच्चा, पण हस्ताक्षर मोत्यासारखं. त्याच्या उसात झाडं निघाली. त्याची बायको पंचनामा घेऊन माझ्याकडे आली, "गुरुजी, वकील काय म्हणतो ते कळंना, तुम्ही वाचून सांगा." मी वाचलं. "हिरवट रंगाची, उग्र वासाची, पाने, फुले, बिया, काड्या व मुळे असलेली ओलसर झाडे, एकूण वजन 34 किलो." ‘ओलसर’ हा शब्द पंचनाम्यातच आहे! म्हणजे लिहिणाऱ्याला दिसत होतं. दिसलं, लिहिलं आणि पुन्हा तसंच तोललं.

तो निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. झाडं होती, त्यानेच लावली होती, त्याची शिक्षा त्याला व्हावी. पण कुठल्या वजनाची?

इथे थोडा कायदा सांगावा लागेल. अमली पदार्थांचा आपला कायदा 1985 चा. 2001 मध्ये त्यात वजनाच्या पायऱ्या आल्या. गांजा एक किलोपर्यंत असेल तर ते ‘अल्प प्रमाण’, शिक्षा आता जास्तीत जास्त एक वर्ष. 20 किलोच्या वर गेला की ‘व्यापारी प्रमाण’, शिक्षा कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त वीस, वर एक ते दोन लाख दंड. मधलं जे काही, त्याला दहा वर्षांपर्यंत. नुसत्या लागवडीलाही दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहेच, तिथे वजनाचा प्रश्न नाही. पण काटा 20 च्या वर गेला की 37 वं कलम लागतं. मग आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायाधीशाची खात्री पटल्याशिवाय जामीन नाही. थोडक्यात, जामीन नाही. माझा विद्यार्थी अकरा महिने आत आहे, आणि ते त्या 34 च्या आकड्यामुळे.

आता याच कायद्यातली गांजाची व्याख्या पाहा. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, वाक्य सोडवून दाखवायची खोड अजून गेली नाही. व्याख्येचा अर्थ असा: गांजा म्हणजे त्या झाडाचे फुलोरा आलेले किंवा फळं धरलेले शेंडे, बी आणि पानं, त्यांच्यासोबत शेंडे नसतील तेव्हा, वगळून. आता सांगा, यात खोड कुठे आहे? मूळ कुठे आहे? मातीची तर बातच सोडा. पानांबद्दल मात्र घोळ आहे. ‘सोबत’ म्हणजे शेंड्याला चिकटलेलं, की त्याच पोत्यात कोंबलेलं? परीक्षेत असं वाक्य एखाद्या पोराने लिहिलं असतं तर मी त्याखाली लाल रेघ मारली असती. मुंबई उच्च न्यायालयाने 2022 मध्ये एका जामिनाच्या निकालात ही व्याख्या काटेकोर वाचली: शेंडे हा गांजा, शेंड्यांवाचून असलेली पानं आणि बी हा गांजा नव्हे. निकाल वाचून बरं वाटलं. पण प्रत्येक आरोपीला उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत कुठे असते?

म्हणजे कायद्यालाच निवडणं अपेक्षित आहे. शेंडे वेगळे, पाला वेगळा, काड्या वेगळ्या. भुईमुगाच्या शेंगा तोडल्याशिवाय वेल काट्यावर ठेवतो का आपण? कणसं खुडल्याशिवाय ज्वारी मोजतो का? कडबा कडब्याच्या भावाने जातो.

माझा एक पुतण्या कॅनडात असतो, ओंटारियोत. हा विषय निघाल्यावर तो फोनवर हसायला लागला. तिथे 17 ऑक्टोबर 2018 पासून गांजा कायदेशीर आहे आणि त्यांच्या प्रांतात घरटी चार झाडं लावायची मुभा आहे. त्याचा शेजारी, रिटायर्ड माणूस, परसात टोमॅटोशेजारी ती लावतो. थंडी पडायच्या आधी झाडं कापतो, मोठी पानं हाताने खुडतो, मग कात्री घेऊन फुलांतून डोकावणारी बारीक पानं छाटत बसतो. चिकाने कात्री सारखी चिकटते म्हणे, म्हणून एक कात्री पुसायची नि दुसरी चालवायची. मग डहाळ्या गॅरेजमध्ये उलट्या टांगायच्या. आठ-दहा दिवसांनी काडी वाकवून बघायची. नुसती वाकली तर ओली, कटकन मोडली तर वाळली. (हे ऐकून मला आमच्या आईची वाळवणं आठवली. सांडगा वाळला की नाही हे तीही असाच मोडून बघायची.) पुतण्या म्हणाला, "काका, बादलीभर दिसतं ते शेवटी लोणच्याच्या बरणीत मावतं."

पण खरी गंमत पुढेच आहे. तिथल्या कायद्याला जोडलेल्या तक्त्यात स्पष्ट लिहिलंय: पाच ग्रॅम ओला म्हणजे एक ग्रॅम वाळलेला. बस! एक ओळ. घराबाहेर जवळ बाळगायची मर्यादा 30 ग्रॅम वाळलेल्याची, म्हणजे ओला असेल तर 150 ग्रॅम. आमच्याकडच्या मापाड्यालाही ही ओळ लिहिता आली असती.

आणि हे शहाणपण परदेशातूनच आणायला हवं असंही नाही. इंग्रजांच्या राज्यात गांजा परवान्याने पिकत होता. आपल्या नगर जिल्ह्यात पिके, खळ्यावर पसरून पायाने तुडवून चपटा करत. तिकडे बंगालात राजशाही जिल्ह्यातल्या नौगावला (आता बांगलादेशात) चपटा, गोल आणि चूर असे तीन प्रकार होत. 1893-94 मध्ये सरकारने नेमलेल्या आयोगाने या सगळ्याची तपशीलवार नोंद केली आहे. त्या तिन्ही प्रकारांवर कर वेगवेगळा होता! चपट्यात काड्या जास्त, म्हणून त्यावर कमी. गोलवर त्याहून जास्त. आणि चुरात काडी नसते म्हणून त्यावर सर्वांत जास्त. कर वसूल करायचा होता, तेव्हा त्या साहेबाला काडी आणि फूल यातला फरक बरोबर कळत होता.

या बाबतीत आमच्या कट्ट्यावरचे एक निवृत्त अधिकारी माझ्याशी भांडले. त्यांचं म्हणणं, सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या एप्रिलमध्येच निकाल दिलाय की भेसळीसकट सगळं वजन धरायचं. दिलाय खरा. पण भेसळ म्हणजे विकणाऱ्याने माल वाढवायला मुद्दाम मिसळलेली वस्तू. झाडाचं मूळ ही झाडात केलेली भेसळ कशी होईल? आणि पाणी? ते तर देवाने घातलेलं!

दुसरा त्यांचा मुद्दा, अशाने तस्कर मोकाट सुटतील. उलट आहे, साहेब. तस्कराचा माल आधीच छाटलेला, वाळवलेला, दाबून पुडक्यात बांधलेला असतो. त्याला ओल्या-वाळल्याचा फायदाही नाही नि तोटाही नाही. त्याच्याकडे 19 किलो सापडला तर तो खरोखरचा 19 किलो, तरीही तो मधल्या पायरीवर. माझ्या विद्यार्थ्याच्या 34 किलोतून माती, मुळं, खोडं, मोठा पाला काढा. राहतील दहा किलो हिरवे शेंडे. ते वाळवा, उरेल अडीच किलो. माझा अंदाज चुकला म्हणून चार धरा. चार किलोवाला वरच्या पायरीवर आणि 19 किलोवाला खाली, हे कुठलं गणित? आणि अडीच काय नि चार काय, शिक्षा त्यालाही आहे, दहा वर्षांपर्यंत आहे. फक्त ती ठरवायला न्यायाधीशाला जागा राहते आणि जामिनाचा विचार तरी होतो.

मी गांजाची वकिली करतोय असं कोणी समजू नये. चिलमीपायी वाया गेलेली माणसं मी पाहिली आहेत. 2021 च्या ऑगस्टमध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या, मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्या म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला होता. कुठल्याच पिकाचा खर्च निघत नाही, हे त्याचं कारण. पेपरवाल्यांना मजा वाटली, पोलीस म्हणाले प्रसिद्धीसाठी चाललंय. मला त्यात मजा वाटली नव्हती, पण परवानगी द्यावी असंही वाटलं नव्हतं.

माझी मागणी तेवढी मोठी नाहीच. झाडं जप्त केल्यावर शेंडे वेगळे करा, सावलीत वाळवा, मग तोला, आणि दोन्ही वजनं कागदावर लिहा. जप्त मालाची यादी आणि नमुने दंडाधिकाऱ्यासमोर करायची तरतूद कायद्यात 52-अ कलमात आहेच. तिथेच हे व्हावं. आज काय होतं? ओली झाडं गोणीत कोंबून सील करतात आणि ती कुजतात. पुढे खटला उभा राहतो तेव्हा फेरवजन करून बघायला काही शिल्लकच नसतं. 2022 मध्ये मथुरेच्या पोलिसांनी तर कोर्टात सांगितलं की 581 किलो गांजा उंदरांनी खाल्ला! उंदरांनी ओला खाल्ला की वाळलेला, हे काही बातमीत आलं नाही.

विद्यार्थ्याच्या जामिनाचा अर्ज आता उच्च न्यायालयात टाकायचा चाललाय. पुण्यातल्या आमच्या वकील भाचीने, किंवा वाचणाऱ्यांपैकी कोणाला अशा वजनावरून जामीन मिळालेला निकाल माहीत असेल त्याने, वर्ष आणि नावासह इथे खाली लिहावं. मी छापून काढून त्याच्या बायकोकडे देईन.